वाळूतला मळा आणि मुंबईची पत्रं

वाळूत काय पिकतं, असं कुणी हसून विचारलं की अजून माझं डोकं फिरतं. आमचं घर आचऱ्याच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होतं. अंगणात वाळू, परसात वाळू, कधीमधी भाकरीतसुद्धा दाताखाली कचकन वाळू. धामापूरकडचे आमचे पाहुणे यायचे, त्यांच्याकडे तांबडी माती, तळ्याचं पाणी. ते परसात उभे राहून म्हणायचे, "तुमच्या हय माडाशिवाय काय होतला?"  जेवताना आई त्यांच्या पानात वांग्याची भाजी, तांबडी भाजी आणि मुळ्याची कोशिंबीर वाढायची आणि हे सगळं कुठनं आणलं असं ते विचारीपर्यंत ताक वाढायला घ्यायची.

हा मळा आईचा होता. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते सगळं ह्या एका गोष्टीवरून झालं. भातशेती पुरुषांची, माड पुरुषांचे, पण पावसाळा सरल्यावर परसात जो भाजीचा मळा व्हायचा तो आमच्या भागात बायकांचा. आईने तो तिच्या सासूकडून घेतला होता. सोबत एक करवंटी. तोंडाला फडकं बांधून ती चुलीवर धुरात टांगलेली असे. तिच्यात राखेत घोळवलेलं वांग्याचं बी. फिकट हिरवी, देठाला काटे असलेली ती वांगी खारं वारं सोसायची. दुसरीकडचं वांगं आमच्या परसात महिनाभरसुद्धा टिकत नसे. ते बी दरवर्षी पेरावं लागे. दोन वर्षं नुसतं ठेवलं तर उगवत नाही, म्हणून एकही थंडी चुकवायची नाही, असा आईचा नेम.

बाबा मुंबईला गोदीत कारकून होते. वर्षातून दोनदा घरी येत, चतुर्थीला आणि मे महिन्यात. चतुर्थीला परसात गुडघाभर गवत आणि मे महिन्यात करपलेली वाळू. म्हणजे नोकरीला लागल्यापासून त्यांनी थंडीतला मळा एकदाही पाहिलेला नव्हता. आणि ह्याच माणसाला पन्नास सालानंतर कधीतरी मळ्याचं वेड लागलं. त्यांच्या खोलीत नाशिककडचा एक गृहस्थ राहायला आला होता. त्याच्या घरी काळी जमीन. तो बोलायचा, बाबा ऐकायचे. त्यात वर्तमानपत्रात 'थंडीतील परसबाग' असं काहीतरी छापून यायला लागलं. झालं. ऑक्टोबर संपता संपता घरी पत्र यायला लागलं, त्यात ख्यालीखुशाली चार ओळी आणि बाकी सगळा सल्ला.

आईला वाचता येत नव्हतं. पत्र मी वाचायची. मी तेव्हा पाचवीत होते आणि वाचनात पहिली होते, त्याचा मला भारी तोरा होता.

पहिलं सल्ल्याचं पत्र मला अजून पाठ आहे. "वाफे जमिनीच्या वर उंच करावेत, सरी-वरंबे काढावेत. रोज थोडे थोडे पाणी घालण्यात वेळ व श्रम वाया जातात, तरी चार दिवसांतून एकदा भरपूर पाणी द्यावे. पश्चिमेकडील वई काढून टाकावी, म्हणजे रोपांस ऊन व वारा मिळेल." मी ओटीवर उभी राहून शाळेत कविता म्हणावी तशी हे वाचलं. शेजारच्या दोघी बायका ऐकायला आल्या होत्या. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परत वाच गो."

मी परत वाचलं.

"वई काढूक सांगल्यानी?"

"होय."

"दर्याकडची?"

"पश्चिमेकडची म्हणजे दर्याकडचीच."

तिने दर्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "शिकलेलो माणूस. कायतरी वाचल्यानी आसतला." आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने वई सोडली. माडाच्या चुडतांची, म्हणजे सुक्या झावळ्यांची, वारा अडवणारी ती वई तिने आदल्याच आठवड्यात बांधली होती. मला राग येतो तो इथून. तिला कळत होतं. तिला सगळं कळत होतं. ह्या वाळूत तिची वीस वर्षं गेली होती. पण कागदावर नवऱ्याने लिहिलेलं आणि शेजारणींच्या देखत वाचलेलं तिला मोडवेना. आणि ज्यांनी लिहिलं ते त्याच घरात जन्मले, त्याच विहिरीचं पाणी पिऊन वाढले! मुंबईच्या खोलीत बसून नाशिकच्या जमिनीची अक्कल आचऱ्याच्या वाळूला शिकवायची! बाबा वाईट माणूस नव्हते, आमची त्यांना काळजी होती, हे सगळं मला मान्य आहे. तरी राग येतो.

व्हायचं तेच झालं. वाळूत उंच वरंबा म्हणजे दुपारपर्यंत कोरडाठक्क. रोपं वरच्या वर सुकायला लागली. वई नाही म्हणून खारं वारं थेट पानांवर, पानांच्या कडा भाजल्यासारख्या काळ्या. आणि चौथ्या दिवशी भरपूर पाणी द्यायचं म्हणून आम्ही दोघींनी सकाळभर विहीर उपसली, हाताला फोड येईस्तोवर. आमच्या भागातल्या विहिरीत गोडं पाणी वरच्यावर तरंगत असतं, खाली खारं. उपसा जास्त झाला की खारं वर येतं. तिसऱ्या उपशाला पाणी मचूळ झालं. आम्ही ते मळ्यालाही घातलं आणि त्याचाच चहाही केला. तो चहा मी एका घोटात थुंकला, आई मात्र पुरा प्याली.

तांबडी भाजी गेली, मुळे गेले, वाल गेले. वांग्याचं एकच रोप वाचलं. ते मोरीच्या सांडपाण्याजवळ, कुडाच्या आडोशाला आपोआप उगवलेलं होतं, कुणी लावलेलं नव्हतं. आईने त्याच्यावर केळीचं सोपट, म्हणजे खोडाची साल, झाकलं, सुपाने वारा अडवला, ताटातलं पाणी घातलं. त्याला तीन वांगी धरली. तिन्ही बियाला ठेवली. त्या थंडीत आम्ही वांगं खाल्लं नाही.

मग उत्तर लिहायचं झालं. आई चुलीपुढे बसून सांगत होती, मी लिहीत होते. "सगळा मेला म्हणान लिव. बाव खारी झाली म्हणान लिव. वांग्याचा बी जाता जाता रवला म्हणान लिव."

मी लिहिलं, "आपण कळविल्याप्रमाणे केले, परंतु थोडेसे नुकसान झाले."

का लिहिलं? शाळेत पत्रलेखन शिकवत. वडिलांना पत्र कसं लिहावं, तीर्थरूप कुठे, साष्टांग नमस्कार कुठे. 'सगळा मेला' असं त्यात कुठेच बसत नव्हतं. आणि मला बाबांची भीती वाटायची. आईची वाटत नव्हती. म्हणून मी आईचं बोलणं घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि पाकिटात घातलं.

त्यांचं उत्तर आलं, सूचना नीट पाळल्या नसाव्यात, पुढील वर्षी काळजीपूर्वक पाळाव्यात.

हे मात्र मी तिला वाचून दाखवलं नाही. "बरे आसत म्हणान लिवल्यानी," एवढंच म्हटलं. तिथून मला वाट सापडली. पुढच्या थंडीत पत्र आलं, तेच वरंबे, तेच चार दिवसांचं पाणी, शिवाय आता कोबी लावण्याचा हुकूम. मी ओटीवर उभी राहिले, पत्र समोर धरलं आणि बिनदिक्कत वाचलं, "मळ्याचे तू तुझ्या मनाप्रमाणे कर. तुला त्यातले जास्त कळते."

आईने हातातली वाटी खाली ठेवली. "असा लिवल्यानी?"

"होय."

"परत वाच."

मी परत वाचलं, आणि ह्या वेळी एक वाक्य वाढवून वाचलं. तिचा चेहरा इतका उजळला की मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. त्याच दुपारी ती कुदळ आणि नारळाच्या सोडणांची, म्हणजे सुक्या सालींची, टोपली घेऊन परसात गेली आणि वाफे खणायला लागली. बाबांना मी लिहिलं, "आपल्या सूचनेप्रमाणे सर्व केले. पीक उत्तम आले. कोबी मात्र धरला नाही." ते खूश, ती खूश, वांगी खूश. सहा-सात वर्षं मी हा धंदा केला. बाबा घरी आले आणि मळ्याचा विषय निघाला की मी लगेच दुसरंच काहीतरी काढायची. मुंबईहून येणारं एक पत्र मी आईसाठी वेगळं वाचायची आणि आईचं एक उत्तर बाबांसाठी वेगळं लिहायची. मला वाटायचं, माझ्याएवढी हुशार मुलगी पंचक्रोशीत नसेल.

कुणाची किती हुशारी असते ते पुढे कळतं.

साठ सालानंतर बाबा निवृत्त होऊन घरी आले. त्या वर्षी थंडीतला मळा त्यांनी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. तोपर्यंत रोपं वाढून वाफे झाकले होते, वालाच्या वेलांनी वईसुद्धा झाकली होती, खाली काय आहे ते दिसत नव्हतं. हिरवंगार परस पाहून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "बघलंस? पत्रान मळो केलंय मी!" आईला वाटलं थट्टा करताहेत. ती हसली. मी आत निघून गेले.

काही दिवसांनी ग्रामसेवक आला. वाळूत एवढी भाजी पाहून त्याला नवल वाटलं आणि त्याने हे कसं केलं म्हणून विचारलं. बाबांना तेवढंच हवं होतं. शुद्ध मराठीत सुरू झाले, "त्याचं असं आहे, मी मुंबईहून दर हंगामाला लेखी मार्गदर्शन करत असे." आणि ट्रंकेतून पत्रांचा गठ्ठा काढून आणला. माझी पत्रं! एकूणएक जपून ठेवली होती. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. "आपल्या सूचनेप्रमाणे सर्व केले. पीक उत्तम आले." मग दुसरं. "आपण कळविल्यामुळे यंदा वांगी भरपूर." मग तिसरं. ग्रामसेवक वहीत उतरून घेत होता.

आई दारात चहाचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तीन पत्रं ऐकली, चौथ्याला थांबली नाही. तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि परसात गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं.

मी तिच्यामागून विहिरीवर गेले. ती कळशी घासत होती, घासलेलीच परत घासत होती.

"तू लिवलंस ह्या?"

"होय."

"माका इचारलंस?"

"आये, तुझो मळो वाचवूचो म्हणान लिवलंय. नायतर तेनी परत वरंबे करूक लावले आसते."

"मळो वाचवलंस," ती म्हणाली. "आणि माका खंय ठेवलंस?"

मी चिडले. सहा वर्षं मी तुझ्यासाठी खोटं बोलले, आणि तू माझ्यावरच उलटतेस, असं काहीबाही ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "तेनी लिवलेला तू माका आयकूक नाय दिलंस. मी सांगलेला तू तेंका धाडूक नाय दिलंस. मधल्यामधी कोण शाणा झाला? तू." कळशी तिथेच टाकून ती गेली. ते वर्ष ती माझ्याशी मोजकंच बोलली. मला तेव्हा फार राग आला होता, आणि तो तिच्यावर होता, बाबांवर होता. स्वतःवर यायला बरीच वर्षं लागली. आता तोच जास्त येतो.

पुढची थंडी आली. भात कापून झालं, तुळशीचं लग्न झालं, सकाळी पानांवर दव पडायला लागलं, आणि आई परसाकडे फिरकेना. नवरात्रानंतर वांग्याचं बी टाकून रोपं तयार करायची, तीही तिने केली नव्हती. करवंटी चुलीवर तशीच टांगलेली. बाबांनी मात्र कंबर कसली. माणूस लावून सुंदर सरळ उंच वरंबे काढून घेतले, दर्याकडे वई नाहीच. मुंबईहून आणलेली रंगीत चित्रांची बियाण्याची पाकिटं ओटीवर मांडली. मग म्हणाले, "ता वांग्याचा बी दी बगया."

"नाय," आई म्हणाली.

"नाय म्हणजे? करवंटी दिसता मां!"

"बी आसा. दिवचा नाय."

घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. बाबा चक्रावले, मग संतापले, मग पाकिटातली वांगी लावली. रोपं उगवली आणि आठ दिवसांत त्यांच्या काड्या झाल्या. आईने पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र घोर लागला. ती थंडी गेली असती तर करवंटीतलं बी मेलं असतं, आणि तसलं बी दुसरं कुठे नव्हतं. मी तिला म्हटलं, रागव, पण बी पेर. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, बऱ्याच महिन्यांनी, आणि म्हणाली, "निळा पत्र हाड पोस्टातसून."

मी अंतर्देशीय पत्र आणलं. दुपारची वेळ, बाबा ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. आई आत पाटावर बसली. "मी बोलतंय तसाच लिव. माझेच शब्द. सुधारलंस तर हात मोडीन."

आणि मी लिहिलं. एक शब्द न बदलता, तिच्याच भाषेत, आयुष्यात पहिल्यांदा. लिहून झाल्यावर तिने वाचायला लावलं, दोनदा. मग पत्त्यावर बाबांचं नाव, हेच घर, हेच गाव. माझ्याबरोबर चालत आली आणि पत्र पेटीत पडल्याचा आवाज ऐकून परत फिरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन आला. तो पत्त्याकडे बघत होता, घराकडे बघत होता. बाबांनी पत्र फोडलं, अक्षर माझं पाहून माझ्याकडे पाहिलं, आणि मनातल्या मनात वाचायला लागले. आई दारात येऊन उभी राहिली.

"मोठ्यान वाचा," ती म्हणाली. "माका वाचूक येना नाय."

पोस्टमन जायचं सोडून पायरीवर टेकला. बाबा वाचायला लागले. आयुष्यभर ते मालवणी बोलले, पण कागदावरची मालवणी त्यांना अडखळत वाचावी लागली.

"मी हयच आसंय, बावीच्या काठार. तरी पत्र धाडतंय, कारण तुमका पत्रातलाच खरा वाटता. वाळूत वाफो वर करूचो नाय, खाली करूचो. दीड वीत खणूचा. तळाक नारळाची सोडणां घालूची, उपडी नाय, उताणी, म्हणजे ती पाणी धरून रवतत. तेच्यार सुको पालोपातेरो, शेण आणि शेतातली माती. मासळेचा खत ताजा घालूचा नाय, पावसात कुजवूचा आणि मगे घालूचा. दर्याकडची वई काढूची नाय. सकाळी आधी पानार पाणी मारून मीठ धुवचा, मगे मुळाक घालूचा. रोप लावल्यार पाच दिवस केळीचा सोपट झाकूचा. बावीत कळशी खोल सोडूची नाय, वरच्यावर बुडवूची. रोज थोडा काढूचा. ह्या तुमच्या आवशीन माका शिकवल्यान. तुमका तिना सांगूक नाय, कारण तुमी कधी इचारूक नाय."

इथे ते थांबले. आई म्हणाली, "फुडे आसा."

"गेल्या वर्सांची पत्रां खोटी आसत. ती चेडवान माका न इचारता लिवल्यान. तुमी लिवलेला तिना माका वाचून दाखवूक नाय. जा पिकला ता माझ्या मनान पिकला. बी माझ्याकडे आसा आणि दिवस थोडे रवले. ज्येका मळो व्हयो, तेना फाटफटी, उजाडूच्या आधी, कळशी घेवन बावीर येवचा."

वाचून झालं. पोस्टमन उठला आणि गेला. बाबा पत्राची घडी घालत होते, ती नीट बसत नव्हती. त्यांनी ट्रंकेतल्या गठ्ठ्याचं काय करायचं ते विचारलं नाही, माझ्यावर ओरडले नाहीत. परसातल्या आपल्या सरळ वरंब्यांकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग चष्मा काढला आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "दीड वीत म्हणजे नेमकी खंयपासून मोजूची गो?"

आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

"माका काय इचारतास?" मी म्हटलं. "तिका इचारा."